दोनच आकड्यांची यादी

बायनरी सर्च लिहायला सांगितलं तर पाच मिनिटांत लिहून देईन, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. अठरा वर्षं कोड लिहितोय, त्यातली शेवटची सात तर मुख्यतः दुसऱ्यांचा कोड तपासण्यात गेली. एका रविवारी सकाळी पिंपळे सौदागरच्या घरी जेवणाच्या टेबलावर मुलीची रफ वही ओढून घेतली आणि पेनाने बायनरी सर्च लिहिला. बारा ओळी झाल्या. वाचून पाहिल्या, ठीक वाटल्या. मग त्याच कागदावर एक यादी मांडली, दोनच आकड्यांची: ४ आणि ९. शोधायचा ९. खालची हद्द शून्य, वरची एक, मध्य आला शून्य. तिथे ४ आहे, तो लहान, म्हणून खालची हद्द मध्यावर आणली. पुन्हा मध्य काढला, पुन्हा शून्य. परत काढला, परत शून्य. माझा कोड दोन आकड्यांच्या यादीत अडकून पडला होता आणि तिथून कधीच बाहेर येणार नव्हता. हद्द मध्याच्या एक घर पुढे न्यायला हवी होती, ती मी मध्यावरच ठेवली होती.

ही चूक किती जुनी आहे ते मला नंतर वाचताना कळलं. जॉन बेंटली यांनी १९८६ च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मध्ये सांगितलंय की बेल लॅब्ज आणि आयबीएममधल्या मुरलेल्या प्रोग्रामरांना त्यांनी हाच प्रश्न दिला, हातात दोनेक तास दिले, आणि दहातल्या नऊ जणांच्या उत्तरात चूक निघाली. डोनाल्ड क्नुथ यांनी या पद्धतीचा इतिहास तपासला. बायनरी सर्च पहिल्यांदा छापून आला १९४६ मध्ये, आणि सगळ्या याद्यांवर बिनचूक चालेल असा छापून यायला १९६२ उजाडलं. त्यानंतरही गोष्ट संपली नाही. बेंटलींच्या वर्गात बसलेले जोशुआ ब्लॉक पुढे जावाच्या लायब्ररीत हाच कोड लिहून गेले, आणि २००६ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की त्यात सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून बसली होती. मध्य काढताना दोन्ही हद्दींची बेरीज करून दोनाने भागायचं, हे आपण शाळेत शिकलो. पण यादी सुमारे १०७ कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज २१४७४८३६४७ ही इंटची मर्यादा ओलांडते आणि ऋण होऊन बसते. खालच्या हद्दीत फरकाचा निम्मा भाग मिळवला की प्रश्न मिटतो. ज्या प्रश्नाला आपण ‘फ्रेशरचा प्रश्न’ म्हणून हात झटकतो, त्यात इतकी खोली आहे.

पंधरा-वीस वर्षं झालेल्या माणसाने कोडिंग इंटरव्यूची तयारी का करावी, याबद्दलचं माझं म्हणणं त्या रफ वहीतून आलं आहे. ही परीक्षा न्याय्य आहे म्हणून तयारी करा, असं मी कुणाला सांगणार नाही. तिच्यात अन्याय भरपूर आहे. पण त्या अन्यायाच्या आडोशाला आपण एक गेलेली सवय लपवून ठेवली आहे: छोटा प्रश्न हातात घेऊन तो शेवटच्या काठापर्यंत बरोबर करण्याची सवय. नोकरी मिळो न मिळो, ती परत मिळवण्यासाठी बसलं पाहिजे.

आमच्या पिढीची तक्रार सगळ्यांना पाठ आहे. मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये ती एका ट्विटमध्ये जगासमोर ठेवली. मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी लाखो लोक वापरतात ते होमब्रू त्यांनी लिहिलं. गूगलचे इंजिनिअरही ते वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून त्याच गूगलने आपल्याला नाकारलं, असं त्यांनी लिहिलं. हिंजवडीत जेवणाच्या सुट्टीत हा किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की सांगणाऱ्याचं पुढचं वाक्य मला आधीच कळतं: ‘आम्ही काय कामावर ट्री उलटे करतो का?’

नाही करत. पण या तक्रारीच्या खाली आणखी एक वाक्य असतं, ते कुणी बोलून दाखवत नाही: माझी वर्षं हाच माझा पुरावा. हे वाक्य टिकत नाही. श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये, माणूस नेमताना कशावरून त्याच्या कामाचा अंदाज येतो, या विषयावरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून दाखवायला लावला तर संबंध ०.५४. नुसती अनुभवाची वर्षं मोजली तर ०.१८. पुढच्या संशोधकांनी यातले बरेच आकडे खाली आणले, पण वर्षांचा आकडा कुणी वर नेला नाही. मी स्वतः पॅनेलवर बसून हे पाहिलंय. चौदा वर्षांचा अनुभव लिहिलेला माणूस येतो आणि बोलता बोलता उमगतं की त्याने पहिल्या वर्षाचंच काम चौदा वेळा केलं. त्याची चूक नाही. त्याला प्रोजेक्टच तसे मिळत गेले आणि कंपनीने त्याला हळूहळू एक्सेलमध्ये ढकललं. पण समोर बसलेल्याने ते वर्षांवरून ओळखायचं कसं?

हा प्रश्न आता पुण्यात फार जणांच्या दारात आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या वर लोक कमी करणार असल्याचं सांगितलं, आणि त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं असतील असंही सांगितलं. वयाची चाळिशी, घराचा हप्ता, आईवडिलांची औषधं, मुलांची दहावी-बारावी आणि समोर लीटकोडचे तीन हजारांहून जास्त प्रश्न. या माणसाला ‘तीनशे प्रश्न सोडव, होऊन जाईल’ असं सांगणारे व्हिडिओ मला क्रूर वाटतात. ते सांगणाऱ्याचं वय बहुतेक वेळा पंचवीस असतं आणि त्याच्या घरी रात्री ऑन-कॉलचा फोन वाजत नसतो.

आता माझ्या स्वतःच्या एका फसलेल्या इंटरव्यूबद्दल. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. व्हिडिओ कॉल, पंचेचाळीस मिनिटं, दोन प्रश्न. समोरच्याचा कॅमेरा बंद, काळ्या चौकटीत नावाची दोन अक्षरं. प्रश्न असा: वेळांच्या जोड्या दिल्या आहेत, सुरुवात आणि शेवट; एकमेकींवर चढणाऱ्या जोड्या एकत्र करून द्या. आम्ही त्याला इंटरव्हल मर्ज म्हणतो. साधा प्रश्न आहे. सुरुवातीच्या वेळेप्रमाणे लावून घ्यायच्या आणि एकेक करत मागचीत मिसळत जायच्या.

आणि हाच प्रश्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी खराखुरा सोडवला होता. एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर होतं, पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट. लाइव्ह झाल्यावर दुसऱ्याच दिवशी रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला: ‘अहो, डॉक्टर रिकामे बसलेत आणि तुमची स्क्रीन फुल्ल दाखवतेय.’ दोन दिवस शोधलं. दहा ते सव्वादहाचा पेशंट घेतला की सव्वादहा ते साडेदहाचा स्लॉटही आपोआप बंद होत होता, कारण आमच्या कोडमध्ये सव्वादहा हा क्षण दोन्हीकडे मोजला जात होता. जिथे ‘लहान’ हवं होतं तिथे ‘लहान किंवा समान’ लिहिलं होतं. एक बरोबरीचं चिन्ह काढलं आणि डॉक्टरांचे निम्मे पेशंट परत आले.

इंटरव्यूत विचारायला हवं होतं ते एवढंच: एक जोडी चारला संपते आणि दुसरी चारला सुरू होते, तर त्या चढतात असं धरायचं की नाही? या एका प्रश्नात माझा सगळा अनुभव दिसला असता. मी विचारला नाही. चार मिनिटं गप्प बसलो, मग घाईने लिहीत सुटलो. दोन दिवसांनी नकाराची मेल आली. बरोबरच होती ती मेल. त्यांना माझ्या अनुभवाचा मागमूसही दिसला नव्हता, कारण मी तो दाखवलाच नव्हता.

का दाखवता आला नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. एक कारण जगजाहीर आहे, कुणीतरी बघतंय याचं ओझं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. प्रश्न फळ्यावर सोडवायचा. निम्म्यांनी परीक्षकासमोर, बोलत बोलत, आणि निम्म्यांनी बंद खोलीत, एकट्याने. बघणारा असला की कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्या छोट्या गटात परीक्षकासमोर सोडवणाऱ्या सगळ्या मुली नापास झाल्या आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या पास. संख्या लहान असल्यामुळे तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी बाळंतपणाच्या खंडानंतर परत येऊ पाहणाऱ्या माझ्या दोन सहकारी डोळ्यांसमोर येतात. दोघी माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितात आणि दोघी पहिल्याच राउंडला अडकल्या.

दुसऱ्या कारणाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून इथे थांबतो. मी विचार मराठीत करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग डिग्री. रोजच्या स्टँड-अपमध्ये, मेलमध्ये, क्लायंटशी बोलताना इंग्रजीची अडचण येत नाही, कारण तिथे झालेलं काम सांगायचं असतं. इंटरव्यूत मात्र अजून न झालेला विचार मोठ्याने बोलायचा असतो. माझ्या डोक्यात ‘आधी सुरुवातीप्रमाणे लावून घेऊ, मग मागचीचा शेवट हिच्या सुरुवातीच्या पुढे जातोय का बघू’ असं चालतं. ते चालू असतानाच इंग्रजीत उतरवायचं आणि वरून टाइपही करायचं. त्या चार मिनिटांत मी गप्प नव्हतो. माझ्या आत भरपूर बोलणं चालू होतं, फक्त ते समोरच्याला ऐकू येईल अशा भाषेत नव्हतं. सातारा, लातूर, जळगावहून आलेल्या शेकडो चांगल्या इंजिनिअरांचं असंच होत असणार, आणि त्यांच्या फीडबॅकमध्ये ‘कम्युनिकेशन कमी’ असे दोन शब्द लिहिले जात असणार.

उपाय आहे, पण तो अंगमेहनतीचा आहे. मी रोज पहाटे एक तास, आठ आठवडे बसलो. या सगळ्या काळात प्रश्न साठच्या आसपास घेतले, त्याहून जास्त नाही. प्रत्येक प्रश्न तीन वेळा केला: पहिल्या दिवशी कागदावर मराठीत विचार करून, चार दिवसांनी मोठ्याने इंग्रजीत बोलत, पंधरा दिवसांनी कुणाला तरी समोर बसवून. माझी एक जुनी सहकारी, चार वर्षांच्या अनुभवाची, शनिवारी तासभर मॉक इंटरव्यू घ्यायची. ती मला अजूनही ‘सर’ म्हणते. पहिल्या शनिवारी तिने चूक दाखवायला पंधरा मिनिटं लावली, संकोचापायी. तिला सांगितलं, ‘या तासात तू सर.’ तेव्हापासून ती मला मधेच तोडायला लागली, आणि माझी खरी तयारी तिथून सुरू झाली. आपल्याहून धाकट्याकडून तपासून घेणं हा या तयारीतला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो टाळायला सीनिअर माणसाला शंभर कारणं सापडतात.

कागदावर हाताने का करून पाहायचं, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या एका शोधातून दिसतं. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने १९४९ मध्ये ६१७४ चा गुण शोधला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत; अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. हा प्रश्न इंटरव्यूतही विचारला जातो. ३५२४ घेऊन कोड चालवला तर तो बिनचूक चालतो आणि माणूस खूश होतो. पण २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कागदावर करणारा माणूस इथे ०९९९ लिहितो, कारण त्याला चार घरं दिसतात, आणि ९९९० वजा ०९९९ करून पुढे जातो. कोड लिहिणारा ते शून्य विसरला की ९९९ मधून ९९९ वजा होऊन हातात भोपळा. माझे साठच्या साठ प्रश्न मला हेच शिकवत होते. अल्गोरिदम आठवणं हा त्यातला लहान भाग. दोन आकड्यांची यादी, पुढचं शून्य, सव्वादहाचा क्षण, हे सगळे काठ आहेत. प्रॉडक्शन तिथेच कोसळतं, आणि सात वर्षं कोड रिव्ह्यू करताना मीही तिथे पुरेसा थांबत नव्हतो, हे मला या तयारीत कळलं.

याचा पडताळा नोकरी मिळण्याआधीच आला. सहाव्या आठवड्यात एका ज्युनिअरच्या पीआरमध्ये पानं मोजण्याचा कोड होता, एका पानावर पन्नास रेकॉर्ड. एरवी मी ‘ठीक आहे’ लिहून पुढे गेलो असतो. त्या दिवशी विचारलं, ‘रेकॉर्ड शून्य असतील तर? बरोबर पन्नास असतील तर?’ बरोबर पन्नासला एक रिकामं पान जास्त येत होतं.

सिस्टिम डिझाइनच्या राउंडबद्दल फार लिहीत नाही. तिथे अनुभवी माणूस आपोआप तरतो, एवढीच काळजी घ्यावी की ऐकलेली नावं फेकण्यापेक्षा आपण बांधलेल्या आणि मोडलेल्या गोष्टी सांगाव्यात. स्वतःच्या कामाबद्दल बोलण्याच्या राउंडबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे लहानपणापासून ‘मी मी करू नये’ असं शिकवतात. म्हणून आपण म्हणतो: आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही डाउनटाइम कमी केला. समोरच्याला कळत नाही की त्या ‘आम्ही’त तुम्ही काय केलंत. एका मॉकमध्ये माझ्या सहकारी मुलीने माझे ‘आम्ही’ मोजले. दहा मिनिटांत सव्वीस होते, ‘मी’ एकदाही नव्हता. टीमचं श्रेय टीमला द्यावं. पण मध्यरात्री रोलबॅकचा निर्णय तुम्ही घेतला असेल तर तो ‘मी घेतला’ असंच सांगावं. त्यात बढाई नाही, खरं सांगणं आहे.

आता एआय आलंय, कोड तेच लिहील, मग हे सगळं कशाला, असं काही मित्र म्हणतात. उलट घडतंय. ऑनलाइन इंटरव्यूत लोक पडद्याआड एआय वापरू लागले, म्हणून किमान एक राउंड समोरासमोर घेणार असल्याचं गूगलच्या सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्येच सांगितलं. आणि कोड मशीन लिहिणार असेल तर तो दोन आकड्यांच्या यादीवर अडकतो का, हे बघणारा माणूस जास्तच लागेल. ते बघण्याची नजर हात न चालवता येत नाही.

मला नोकरी मिळाली, चौथ्या कंपनीत. आता पुन्हा पॅनेलच्या बाजूला बसतो, आणि या बाजूच्या माझ्या वयाच्या सगळ्यांना एक विनंती आहे. आपण विचारतो तो प्रश्न आपल्याला पाठ असतो, म्हणून तो सोपा वाटतो. पुढचा इंटरव्यू घेण्याआधी तुम्ही कधीच न पाहिलेला त्याच तोडीचा एक प्रश्न मागवा आणि कोऱ्या कागदावर, ऑफिसमधल्या कुणाला तरी समोर बसवून, मोठ्याने बोलत सोडवा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा आणि उमेदवाराला त्याच्या दीडपट द्या. तो मधेच गप्प झाला तर ‘तुमच्या भाषेत विचार करा, घाई नाही’ एवढं म्हणा. आणि आपला कॅमेरा चालू ठेवा.